पृष्ठ सारणी

पृष्ठ सारणी किंवा पेज टेबल ही संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, राखलेली नोंदवही होय. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची आभासी स्मृती प्रत्यक्ष स्मृतीच्या नेमक्या कोणत्या भागात ठेवली आहे, याची नोंद या सारणीत असते. चालू प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रोसेस वापरते ते पत्ते आभासी असतात, तर स्मृतीच्या चिपांना कळतात ते भौतिक. एका प्रोसेसला दुसरीची माहिती वाचता येऊ नये, बसवलेल्या स्मृतीहून मोठी कामे चालावीत आणि एकच मजकूर अनेक प्रोसेसना वाटून वापरता यावा, या तिन्ही गोष्टी ह्या नोंदवहीच्या अचूकपणावर अवलंबून असतात.

पाठ्यपुस्तकांत सारणीची एकच दिशा सहसा शिकवली जाते : आभासी पत्त्यावरून भौतिक पत्ता. कर्नलला मात्र उलट दिशेचाही हिशेब ठेवावा लागतो. स्मृतीचा हा तुकडा सध्या कोणाकोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाचे उत्तर देणे पहिल्यापेक्षा अवघड ठरले आहे.

पत्त्याचे रूपांतर

आभासी स्मृतीचे समान आकाराचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पृष्ठ. भौतिक स्मृतीचेही तेवढ्याच आकाराचे तुकडे पाडतात; त्यांना चौकटी किंवा फ्रेम म्हणतात. कोणतेही पृष्ठ कोणत्याही चौकटीत बसू शकते, आणि शेजारशेजारची पृष्ठे शेजारच्याच चौकटींत असण्याची गरज नसते. इंटेलच्या व तत्सम प्रोसेसरांवर पृष्ठाचा नेहमीचा आकार ४,०९६ बाइट असतो.

समजा, प्रोसेसने २०,५०० या आभासी पत्त्यावरील बाइट मागितला. २०,५०० ला ४,०९६ ने भागल्यास भागाकार ५ आणि बाकी २० येते. म्हणजे हा पाचव्या क्रमांकाच्या पृष्ठातील विसावा बाइट (मोजणी शून्यापासून). सारणीत पाचव्या पृष्ठापुढे ८१२ ही चौकट लिहिली असेल, तर भौतिक पत्ता ८१२ गुणिले ४,०९६ अधिक २०, म्हणजे ३३,२५,९७२ होतो. पृष्ठाचा आकार दोनच्या घातात असल्याने संगणकाला हा भागाकार खरोखर करावा लागत नाही. पत्त्याचे शेवटचे १२ बिट ही बाकी आणि आधीचे बिट हा भागाकार.

हे रूपांतर प्रत्येक वेळी कर्नल करीत नाही. ते प्रोसेसरमधील स्मृती-व्यवस्थापन एकक, म्हणजे एमएमयू, करते. सारणी लिहिण्याचे काम कर्नलचे आणि वाचण्याचे काम या एककाचे. म्हणूनच सारणीचा आराखडा कर्नलच्या मर्जीवर सोडलेला नसतो. प्रोसेसर बनवणाऱ्याने तो ठरवून दिलेला असतो.

नोंदीत काय असते

सारणीतील एका नोंदीत चौकटीच्या क्रमांकाखेरीज काही खुणेचे बिट असतात. पृष्ठ स्मृतीत हजर आहे का, त्यात लिहिण्याची परवानगी आहे का, सामान्य प्रोसेसला ते वाचता येते की फक्त कर्नलला, त्यातील मजकूर आज्ञा म्हणून चालवता येतो का, हे बिट कर्नल ठरवतो. आणखी दोन बिट इंटेलसारख्या प्रोसेसरांवर यंत्र स्वतःच उमटवते : पृष्ठाला अलीकडे हात लागला, आणि पृष्ठात बदल झाला. स्मृती कमी पडू लागली की कोणते पृष्ठ बाहेर काढावे, हे कर्नल या दोन खुणांवरून ठरवतो.

‘हजर’ हा बिट शून्य असल्यास एमएमयू नोंदीतला उरलेला मजकूर पाहतच नाही. ही रिकामी जागा कर्नल वाया घालवत नाही. लिनक्समध्ये डिस्कवर हलवलेल्या पृष्ठाचा डिस्कवरील ठावठिकाणा त्याच नोंदीत लिहून ठेवतात. देवबागेतल्या कुलूपबंद घराच्या दारावर चाकरमान्याने आपला मुंबईचा पत्ता लिहून ठेवावा, तसाच हा प्रकार. अशा पृष्ठाला प्रोसेसने हात लावला की एमएमयू काम थांबवून कर्नलला हाक मारते. या घटनेला पेज फॉल्ट म्हणतात. नावात दोष असला तरी बहुतेक वेळा त्यात चूक कोणाचीच नसते. कर्नल पृष्ठ डिस्कवरून आणून एखाद्या चौकटीत ठेवतो, नोंद दुरुस्त करतो आणि अडलेली आज्ञा पुन्हा चालवायला लावतो. प्रोसेसला यातले काहीच कळत नाही.

सारणीच्या पातळ्या

सर्वांत सोपी सारणी म्हणजे प्रत्येक आभासी पृष्ठासाठी एक ओळ असलेली सलग यादी. ३२-बिट पत्त्यांच्या संगणकावर अशी सुमारे साडेदहा लाख पृष्ठे होतात. चार बाइटांची एक नोंद धरली तर दर प्रोसेसमागे ४ मेगाबाइट केवळ सारणीसाठी लागतात. ४८-बिट पत्त्यांसाठी, आठ बाइटांच्या नोंदी धरून, हाच आकडा ५१२ गिगाबाइटांवर जातो. प्रोसेस तर आपल्या आभासी विस्ताराचा लहानसा अंशच वापरते. बाकी यादी कोरीच राहणार.

म्हणून सारणीचीच पृष्ठे पाडून त्यांची झाडासारखी उतरंड करतात. इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरात (१९८५) दोन पातळ्या होत्या. पत्त्याचे पहिले १० बिट वरच्या सारणीतली ओळ दाखवत, पुढचे १० बिट खालच्या सारणीतली, आणि उरलेले १२ बिट पृष्ठातील स्थान. जो प्रदेश वापरातच नाही, त्याची खालची सारणी बांधलीच जात नाही. आजच्या ६४-बिट इंटेल व एएमडी प्रोसेसरांवर चार पातळ्या असतात. प्रत्येक पातळीला ९ बिट, असे १२ बिटांसह ४८ बिट आणि २५६ टेराबाइटांचा विस्तार होतो. पाच पातळ्यांची सोय लिनक्समध्ये २०१७ मध्ये आली. तिने हा विस्तार १२८ पेटाबाइटांवर नेला.

‘परम’ संगणकांतील सारण्या

नोंद ठेवण्याच्या निरनिराळ्या रीती एकाच मालिकेत पाहायच्या असतील, तर पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या ‘परम’ महासंगणकांइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये या संस्थेचे काम सुरू झाले. पुढच्या दोन दशकांत प्रोसेसर बदलत गेले आणि प्रत्येक बदलाबरोबर सारणीची रीतही बदलली.

पहिला ‘परम ८०००’ (१९९१) इनमॉस कंपनीच्या टी८०० ट्रान्सप्यूटरांवर उभा होता. या प्रोसेसरात एमएमयू नव्हतेच. पृष्ठे नाहीत, सारणी नाही, आभासी स्मृतीही नाही. प्रोग्रॅम लिहील तोच पत्ता भौतिक पत्ता. अनेक प्रोसेसर एकमेकांना संदेश पाठवून एकच मोठे गणित सोडवतात, तेथे ही रचना वेगवान आणि पुरेशी असते. मात्र एखाद्या चुकीच्या पत्त्यावर लिहिले गेले, तर त्याच नोडवरील दुसऱ्या कामाची स्मृती बिघडण्यापासून वाचवणारी सोय प्रोसेसरात नव्हती.

‘परम ९०००’ मध्ये (१९९४) सुपरस्पार्क प्रोसेसर वापरता येत. स्पार्कच्या प्रमाण एमएमयूत सारणी तीन पातळ्यांची असते : २५६, ६४ आणि ६४ नोंदींची. त्यावर आणखी एक संदर्भ सारणी, जिच्यात प्रत्येक प्रोसेसच्या मुळाचा पत्ता असतो. सारणीचे झाड यंत्रच उतरते.

‘परम १००००’ (१९९८) अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसरांवर, सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमसह आला आणि चित्र उलटे झाले. अल्ट्रास्पार्क कोणतेही झाड उतरत नाही. अलीकडच्या रूपांतरांचा छोटा साठा प्रोसेसरात असतो. हवी ती नोंद त्यात सापडली नाही, तर तो सरळ कर्नलला हाक मारतो. नोंदी कोणत्या आकाराच्या सारणीत ठेवायच्या, हे मग कर्नलच ठरवतो. स्वातंत्र्य मिळते, पण प्रत्येक चुकलेल्या शोधासाठी कर्नलच्या आज्ञा चालवाव्या लागतात.

२००३ मध्ये कार्यान्वित झालेल्या, सी-डॅकच्याच ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर४ प्रोसेसर होते. त्यांची सारणी झाडासारखी नसून हॅश सारणी असते. आभासी पृष्ठाच्या क्रमांकावर एक ठरावीक गणिती क्रिया केली की आठ नोंदींचा एक गट मिळतो. हवी ती नोंद त्या गटात किंवा दुसऱ्या एका पर्यायी गटात असायलाच हवी; नसेल तर पेज फॉल्ट. अशा सारणीचा आकार आभासी विस्तारावर नव्हे, तर भौतिक स्मृतीच्या प्रमाणात ठरतो. सर्व प्रोसेस मिळून एकच सारणी असते. मूळ कल्पना जुनी आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात पृष्ठांची कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली. त्यातील ३२ चौकटींपैकी प्रत्येकीला एक नोंदकप्पा होता, आणि या चौकटीत सध्या कोणते पृष्ठ आहे, एवढेच त्यात लिहिलेले असे.

‘परम युवा’ (२००८) इंटेल झिऑन प्रोसेसरांचा आणि लिनक्सचा. येथे आजच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीची चार पातळ्यांची सारणी आली.

यंत्रागणिक रीत अशी बदलत असेल, तर कर्नल दर वेळी नव्याने लिहावा लागेल. ती आपत्ती टाळण्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातील माख या कर्नलमध्ये १९८० च्या दशकात ‘पीमॅप’ नावाचा वेगळा थर काढला गेला. यंत्राशी बांधलेले सारे त्या थरात आणि बाकी कर्नल यंत्रनिरपेक्ष. बीएसडी घराण्याने हा थर उचलला; सोलारिसमध्ये त्याचाच भाऊबंद ‘हॅट’ या नावाने आहे. लिनक्सने वेगळी वाट धरली. सर्व यंत्रांवर सारणी झाडासारखीच आहे असे तो गृहीत धरतो. हॅश सारणीच्या यंत्रावरही तो आपले झाड राखतो आणि हॅश सारणीला त्या झाडाची उतरवलेली प्रत समजतो.

टीएलबी आणि शिळ्या नोंदी

चार पातळ्या उतरायच्या म्हणजे एका बाइटासाठी स्मृतीच्या चार जादा फेऱ्या. त्या वाचवण्यासाठी अलीकडे लागलेली रूपांतरे प्रोसेसरातच एका छोट्या साठ्यात ठेवतात. त्याला टीएलबी म्हणतात. कर्नलने स्मृतीतील सारणी बदलली, तरी टीएलबीतली प्रत आपोआप बदलत नाही. फेरफार मंजूर झाल्यावरही जुना उतारा हातात घेऊन फिरणाऱ्यासारखी ती शिळी नोंद जुन्याच चौकटीकडे बोट दाखवत राहते. ती चौकट दरम्यान दुसऱ्या प्रोसेसला दिली गेली असेल, तर एकीच्या नावाने दुसरीच्या माहितीत लेखन होते.

त्यामुळे नोंद रद्द केल्यावर कर्नलला टीएलबीतली प्रतही पुसावी लागते. अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरात प्रत्येक गाभ्याचा टीएलबी स्वतंत्र असतो. कर्नल इतर गाभ्यांना व्यत्यय-संदेश पाठवतो आणि सर्वांनी पुसल्याची पोच येईपर्यंत चौकट मोकळी करीत नाही. गाभे वाढतात तशी ही वाट पाहणे महाग होत जाते.

प्रदेशांची यादी

सारणीत नोंद नाही, एवढ्यावरून कर्नलला निर्णय घेता येत नाही. तो पत्ता प्रोसेसच्या हक्काचा असून चौकट द्यायची बाकी आहे, की प्रोसेस भलत्याच ठिकाणी हात घालते आहे? हा निवाडा करण्यासाठी प्रत्येक प्रोसेसच्या आभासी प्रदेशांची वेगळी यादी असते. लिनक्समध्ये अशा एका प्रदेशाला व्हीएमए म्हणतात. अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत, अमुक फाइलचा मजकूर, फक्त वाचण्यासाठी, अशी त्याची नोंद असते. पेज फॉल्ट झाला की कर्नल आधी ही यादी पाहतो. पत्ता कोणत्याही प्रदेशात बसत नसेल, तर विद्यार्थ्यांच्या परिचयाचा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो आणि प्रोसेस बंद पडते. ही यादी वर्षानुवर्षे रेड-ब्लॅक ट्री या रचनेत होती; डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीपासून मेपल ट्री या रचनेत आहे. लिनक्स संगणकावर ‘प्रॉक’ निर्देशिकेत प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘मॅप्स’ ही फाइल उघडली की ही यादी वाचता येते. अभ्यासकाने ती एकदा अवश्य पाहावी. दहा आकृत्यांपेक्षा ती अधिक सांगते.

स्मृती मागताच चौकट मिळत नाही. कर्नल केवळ प्रदेशाची नोंद करतो. चौकट पहिल्यांदा हात लागल्यावर दिली जाते.

उलट दिशेची नोंद

महाराष्ट्रातील जमिनीच्या नोंदींची पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हा भाग सोपा जावा. गाव नमुना आठ-अ हा खातेदाराच्या नावाने असतो : या खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणत्या जमिनी आहेत. सातबारा जमिनीच्या नावाने असतो : या गटावर कोणाकोणाचा हक्क आहे. पृष्ठ सारणी म्हणजे प्रोसेसचा आठ-अ. चौकटीचा सातबारा वेगळा ठेवावा लागतो. (साम्य येथवरच. जमिनीचा मालक पिढीत एखादे वेळी बदलतो, चौकटीचा एका सेकंदात अनेकदा बदलू शकतो.)

लिनक्स प्रत्येक चौकटीसाठी ‘स्ट्रक्ट पेज’ नावाची एक नोंद ठेवतो. ६४-बिट यंत्रावर ती सामान्यतः ६४ बाइटांची असते; म्हणजे ८ गिगाबाइट स्मृतीसाठी सुमारे २१ लाख नोंदी आणि १२८ मेगाबाइट. चौकट किती जणांच्या वापरात आहे याची मोजणी तिच्यात असते. पण ‘किती जण’ आणि ‘कोण कोण’ यांत अंतर आहे.

चौकट परत घ्यायची झाल्यास तिच्याकडे बोट दाखवणारी प्रत्येक प्रोसेसच्या सारणीतील प्रत्येक नोंद आधी रद्द व्हायला हवी. एक जरी राहिली, तरी ती प्रोसेस दुसऱ्याच्या माहितीत शिरते. देवबागसारख्या, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरच्या गावात एखादा गट विकत घेऊ पाहणाऱ्याला हा अनुभव नवा नाही : सातबाऱ्यावर सामाईक हिस्सेदारांची लांबलचक यादी, आणि सर्वांच्या सह्या झाल्याखेरीज व्यवहार पुरा होत नाही.

लिनक्सच्या २.४ आवृत्तीत असा सातबारा नव्हताच. स्मृती कमी पडली की कर्नल एकेका प्रोसेसची सारणी चाळत सुटे. सामाईक चौकट एका प्रोसेसकडून सोडवून घेतली, तरी बाकीच्यांची पाळी केव्हा येईल याचा भरवसा नसे. २००२ च्या सुमारास रिक व्हॅन रील यांनी तयार केलेली उलट नोंद २.५ मालिकेत आली. तिच्यात प्रत्येक चौकटीला साखळी जोडली गेली आणि साखळीच्या प्रत्येक दुव्यात एकेका सारणी-नोंदीचा पत्ता. शोध तत्काळ होऊ लागला, पण किंमत मोठी होती. १ गिगाबाइट सामाईक स्मृती वापरणाऱ्या १,००० प्रोसेस धरल्या, तर ३२-बिट यंत्रावर सारणीच्या नोंदीच १,००० मेगाबाइट होतात. साखळ्यांसाठी किमान तेवढीच जागा पुन्हा लागणार. नवी प्रोसेस जन्माला घालतानाही हजारो दुवे जोडावे लागत.

२००४ मध्ये २.६ मालिकेत अँड्रिया आर्कांजेली आणि ह्यू डिकिन्स यांच्या कामातून साखळ्या गेल्या. आता चौकटीवर वारसांची नावे नसतात. केवळ घराण्याची खूण असते. फाइलमधील मजकूर असेल तर त्या फाइलची, नसेल तर ‘अनॉन-व्हीएमए’ नावाच्या रचनेची. त्या खुणेवरून संबंधित प्रदेशांची यादी मिळते आणि प्रत्येक प्रदेशात हे पृष्ठ कोणत्या पत्त्यावर असेल ते प्रदेशाच्या आरंभावरून गणिताने काढता येते. युनिक्स परंपरेत नवी प्रोसेस जुनीची नक्कल होऊन जन्मते. त्यामुळे अनॉन-व्हीएमए म्हणजे अक्षरशः वंशावळच. शोध थोडा लांबला, पण दर पृष्ठामागचा दुवा वाचला.

नक्कल होताना पृष्ठांचा मजकूर लगेच उतरवला जात नाही. मूळ प्रोसेस आणि नवी प्रोसेस यांच्या सारण्या त्याच चौकटींकडे बोट दाखवतात आणि दोहोंची लेखनाची परवानगी काढून घेतली जाते. कोणी लिहू लागले की पेज फॉल्ट होतो, आणि तेव्हाच त्या पृष्ठाची वेगळी प्रत करून वाटप होते. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. या वाटपातील क्षणांच्या सरमिसळीमुळे लिनक्समध्ये २००७ पासून एक भेग राहून गेली होती. ‘डर्टी काऊ’ या नावाने ती ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली. केवळ वाचण्याचा अधिकार असलेल्या फाइलमध्ये सामान्य वापरकर्त्याला तिच्यातून लिहिता येत असे, आणि त्यातून संपूर्ण यंत्राचा ताबाही मिळवता येई.

कर्नलची स्वतःची पृष्ठे

कर्नलही आभासी पत्तेच वापरतो. प्रत्येक वेळी सारणी बदलावी लागू नये म्हणून त्याची पृष्ठे प्रत्येक प्रोसेसच्या सारणीत नोंदवून, ‘फक्त कर्नलसाठी’ हा बिट लावून ठेवण्याची प्रथा अनेक दशके होती. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’ या दोषाने ती मोडली. इंटेलचे अनेक प्रोसेसर आज्ञा आगाऊ चालवताना हा बिट उशिरा तपासत. तेवढ्या अवधीत वाचलेल्या मजकुराचा माग कॅश स्मृतीत राही आणि वेळ मोजून तो ओळखता येई. नोंद अचूक होती, कुलूपही लावलेले होते. तरी आतले दिसत होते.

उपाय म्हणून प्रत्येक प्रोसेसला दोन सारण्या देण्यात आल्या. कर्नल चालू असताना पूर्ण सारणी, आणि प्रोसेस चालू असताना कर्नलची जवळपास सर्व पृष्ठे वगळलेली. नोंदच नसल्याने आगाऊ वाचण्यासारखे काही उरत नाही. कर्नलकडे जाता-येता सारणी बदलण्याचा वेळ मात्र मोजावा लागतो. कर्नलला वारंवार हाक मारणाऱ्या कामांवर तो जाणवतो. टीएलबीतील नोंदींना प्रोसेसची ओळखखूण जोडणाऱ्या प्रोसेसरांवर कमी जाणवतो. ज्या नव्या प्रोसेसरांत हा दोष दुरुस्त झाला आहे, तसेच एएमडीच्या प्रोसेसरांवर, जेथे तो नव्हताच, तेथे लिनक्स दुसरी सारणी ठेवत नाही.